जुन्या गावातलं घर: राहायचं आहे, पण राहता आलं पाहिजे (धुळे, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, सगळ्यांनी लिहा)

पांझराकाठ

जुन्या गल्लीत राहणाऱ्याला लग्नकार्यात दोन प्रश्न ठरलेले. "अजून तिथंच राहता का?" आणि "घर काढायचंय का?" पहिला प्रश्न देवपुरात बंगला बांधलेले नातेवाईक विचारतात, दुसरा दलाल. आजवर मी दोघांनाही टाळत आले. आता टाळायचं नाही असं ठरवलंय. आमच्या गल्लीतली घरं एकामागून एक कुलूपबंद होताहेत आणि दर वेळी "जुनं घर, दुसरं काय" एवढंच कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पाणी, जिना, गाडी, वायरी आणि वाटण्या यांना कंटाळून लोक जातात. यातलं बरंचसं सुटण्यासारखं आहे, म्हणून जास्त जीव तुटतो.

आमचं घर धुळ्याच्या जुन्या भागातलं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढे ओटा, मग बैठक, मधलं घर, मागे स्वयंपाक आणि न्हाणी, वर माडी, त्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. तुळया सागाच्या. दाराला आतून अडसर आहे, रात्री तो भिंतीतून ओढून काढायचा आणि सकाळी परत भिंतीत सरकवायचा. जिन्याच्या तोंडावर फळ्यांची झडप आहे. ती लावली की वरचा मजला वेगळा आणि खालचा वेगळा. मे महिन्यात बाहेर डोकं तापतं, पण मधल्या घरात दुपारी नुसती सतरंजी टाकून झोप लागते. हे सुख कॉलनीतल्या स्लॅबखाली मी कधी अनुभवलं नाही.

आणि माणसं! उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, बिबडे, कुरडया करायच्या म्हटलं की कुणाला बोलवायला जावं लागत नाही. धाब्यावर खाट टाकलेली दिसली की शेजारची पोळपाट घेऊन येते. सासूबाई आजारी होत्या तेव्हा डबा कुठून आला हे मला रोज भांडं ओळखून शोधावं लागे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशी देवी कानबाई बसते, तेव्हा सगळे भाऊबंद याच घरात. पुणे, नाशिक, सुरत, जिथे असतील तिथून येतात. रोटाचं दळण, पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, रात्रभर गाणी आणि फुगड्या, सोमवारी नदीवर विसर्जन. रोट कुळातल्या माणसांनीच खायचे, म्हणून माणसं यावीच लागतात. कुणाच्याही फ्लॅटमध्ये ही कानबाई मावणार नाही, हे सगळे कबूल करतात. आणि मंगळवारी सकाळी गाड्या भरून निघून जातात.

आता दुसरी बाजू. पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी कुठली वेळ, ते नक्की नसतं, त्यामुळे घरातलं एक माणूस बांधून पडतं. पाण्याचा दाब इतका कमी की मोटार लावल्याशिवाय टाकीत चढत नाही आणि सगळ्यांनी मोटारी लावल्या की शेवटच्या घराला थेंब नाही. चारचाकी दारापर्यंत येत नाही. डोक्यावर वायरींचं जाळं. ज्यांचं काम आहे त्यांना अर्ज दिले की "जुन्या भागात काय करणार ताई" हे उत्तर. या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

तुम्ही जुन्या पेठेत राहता का? सोडलं असेल तर का सोडलं? टिकून असाल तर कशाच्या जोरावर? मोकळेपणाने लिहा.

लळिंगचा_वारा

ताई, चांगला विषय काढलात. माझं सगळं आयुष्य धुळ्यात गेलं, म्हणून थोडं मागचं सांगतो.

आपण ज्याला आज जुना भाग म्हणतो त्यातला मोठा हिस्सा एके काळी नवा कोरा होता. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळं हे मुख्य ठाणं म्हणून निवडलं. त्याआधी महत्त्व होतं लळिंगच्या किल्ल्याला, धुळं त्याच्या छायेतलं लहान गाव. ब्रिग्जने व्यापाऱ्यांना बोलावून सरळ, आखीव रस्त्यांची पेठ वसवली. आपल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत ते उगाच नाही. बाहेरचा माणूस पत्ता विचारतो आणि आपण "चार नंबर गल्ली" म्हणतो, तेव्हा त्याला मौज वाटते.

म्हणजे हा भाग आंधळेपणाने वाढलेला नाही. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून रस्ते सरळ ठेवले, पाण्याचा उतार नदीकडे ठेवला. तेव्हा "जुन्या भागात काय करणार" हे उत्तर ऐकलं की माझाही संताप होतो. आखलेल्या गावाला पुन्हा आखता येतं. जलवाहिनी बदलायची तर सरळ गल्लीत काम सोपं, वाकड्यातिकड्या कॉलनीपेक्षा कितीतरी सोपं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. घर रिकामं करताना माडीवरची फडताळं आणि ट्रंका रद्दीवाल्याला देऊ नका. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी फिरले आणि लोकांच्या घरातून दप्तरं गोळा केली. ते १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. तिकडे नानासाहेब देवांनी रामदासी मठांतली बाडं जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. दोन्ही ठिकाणचं धन आलं ते अशाच माडीवरच्या फडताळांतून. मोडी कागद दिसला तर आधी जाणकाराला दाखवा. आमच्याच ओळखीच्या एका वाड्यातली पोतंभर कागदपत्रं पाडकामात मातीबरोबर गेली. त्यात काय होतं, कुणालाच कळणार नाही.

आपल्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गावात पाहुणा आला की मी त्याला हे सांगतो. त्याला वाटतं धुळं म्हणजे हायवेवर चहा प्यायला थांबायचं गाव.

रथ_चौक

जळगावहून. पांझराकाठ ताई, अगदी मनातलं लिहिलंत.

आमचं घर जुन्या जळगावात. आमच्यासाठी वर्ष मोजायची खूण एकच, कार्तिकी एकादशीचा रथ. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला श्रीरामाचा रथ, दीडशे वर्षं होऊन गेली. त्याआधी रोज संध्याकाळी देवाची वहनं (मिरवणुकीची वाहनं) निघतात. पण रथाचा दिवस वेगळाच. पहाटेपासून गल्ली धुऊन रांगोळ्या, घरात पाहुण्यांची चढउतार, गॅलरीत उभं राहायला जागा नाही.

ज्यांनी रथ जवळून पाहिला नसेल त्यांना सांगतो. या रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. दोरखंड ओढणारे पुढे, आणि चाकाशी लाकडी मोगरी घेतलेली माणसं. वळण आलं की ठरावीक चाकाखाली ठरावीक बाजूने मोगरी सारायची, चाक अडतं आणि एवढा अवजड रथ जागेवर वळतो. मोगरी घालणाऱ्याचा हात चाकापासून वीतभर अंतरावर असतो. घोषणा, वाजंत्री, गर्दी, आणि त्यात ही माणसं फक्त चाकाकडे बघत असतात. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या ओट्यांना न लागता रथ जातो तेव्हा अंगावर काटा येतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे आलेली आहे, आणि पेठेत माणसंच उरली नाहीत तर ती कुणाकडे जाणार?

रथ भिलपुऱ्यात जातो तेव्हा लालशा बाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढवतात. लहानपणापासून बघतोय. जुन्या गावात हे शिकवावं लागत नाही, कारण भिंतीला भिंत लागून आहे.

आता तक्रार. वर्षातून एक दिवस जो रस्ता रथासाठी मोकळा होतो तो उरलेलं वर्ष आमच्यासाठी मोकळा होत नाही. बाजारात येणारा माणूस आमच्या दारात दुचाकी लावतो आणि दोन तासांनी येतो. हँडल लॉक असतं, उचलताही येत नाही. रथाच्या दिवशी लोंबत्या वायरी वर बांधल्या जातात, रस्त्यावरचे हातगाडे हलतात, खड्डे बुजतात. म्हणजे करता येतं! एका दिवसासाठी करता येतं ते कायम का नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

नवी_कॉलनी

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

मी जुनी पेठ सोडली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आईचे गुडघे गेले. आमच्या घराचा जिना म्हणजे उभी शिडीच, एका हाताने दोर धरून चढायचा. खाली संडास, वर झोपायची खोली. ती दोन वर्षं माडीवरून खाली उतरलीच नाही म्हटलं तरी चालेल. एका रात्री तिला श्वास घेता येईना. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण आत एक टेम्पो आडवा लावलेला. आम्ही तिला खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेलं. शेजारीच धावून आले हे खरं. पण शेजारी धावून येण्याची वेळच येऊ नये असं मला वाटलं, आणि मी कॉलनीत तळमजला घेतला.

इथे संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नाही, आईला करमत नाही, हे सगळं खरं आहे. तरी ती आता स्वतःच्या पायाने अंगणात जाते. जुन्या घराबद्दल लिहिताना म्हाताऱ्या माणसांचा आणि सुनांचा विचार आधी करावा. पाणी भरणारी, धाब्यावर ओझी चढवणारी, ओट्यावरच्या प्रत्येक नजरेला उत्तर देणारी बाईच असते. गल्लीला सगळं कळतं हे पुरुषांना सुख वाटतं. माझ्या बायकोला तसं वाटत नव्हतं.

पांझराकाठ

@नवी_कॉलनी भाऊ, राग कसला. आईंसाठी केलंत ते योग्यच केलंत.

शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी बाजारातून किती वाजता परतले हे मला घरी पोचायच्या आधी सासूबाईंना ठाऊक असे. तेव्हा गुदमरायला व्हायचं. आता माझी मुलगी क्लासहून रात्री येते तेव्हा त्याच ओट्यावरच्या मावशी ती दार उघडून आत जाईपर्यंत बसून असतात. दोन्ही गोष्टी मी भोगल्या आहेत आणि पहिली विसरून दुसरीच सांगणं बरोबर नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण टेम्पो आडवा लावलेला होता म्हणून तुम्हाला घर सोडावं लागलं, हे तुम्हीच लिहिलंत बघा. गल्लीच्या तोंडाशी चार फूट जागा मोकळी राहिली असती आणि खालच्या मजल्यावर एक खोली आईंसाठी काढता आली असती तर? आम्ही सासूबाईंसाठी बैठकीच्या मागे पलंग टाकला आणि न्हाणीशेजारी कमोड बसवला. बैठक लहान झाली, पाहुणे आता ओट्यावर बसतात. त्यांची शेवटची वर्षं तिथेच गेली, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत.

बोरीकाठची

अमळनेरहून लिहितेय. आमना गावनी एक गोष्ट आधी अहिराणीम्हान सांगस. भाऊस्होन, गाव सोडानी कोनले हाऊस नहीं ऱ्हास. पोट लई जास. (गाव सोडायची हौस कुणाला नसते, पोट घेऊन जातं.)

आमच्याकडे वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा असते, बोरीच्या पात्रात दुकानं आणि पाळणे लागतात, एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. त्या दिवसांत वाडीच्या, म्हणजे महाराजांच्या संस्थानाच्या, आसपासच्या एकाही घरात चूल विझत नाही. ज्याच्याकडे कुणी उतरलं नाही त्याला चुकल्यासारखं होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात त्या बऱ्याच जणी यात्रेपर्यंत राहतात. गुलाबाईची गाणी अजून आमच्या गल्लीत म्हटली जातात आणि डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ मुली खेळतात. हे टिकलंय कारण पोरींना दहा पावलांवर दहा घरं मिळतात.

आमच्या गावाला कमी काही नव्हतं. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजी इथल्या शाळेत शिकवत, विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये इथल्या तेलाच्या कारखान्यातून झाली. २०२४ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला अमळनेर आठवलं. पण संमेलनाला आलेल्या किती जणांनी दगडी दरवाजाच्या आतलं गाव पाहिलं? त्या दरवाजातून आजही रहदारी जाते. बुरुजाचे दगड निसटताना आम्ही पाहिलेत. दरवाजा जपायचा की रस्ता रुंद करायचा यावर गावात दोन तट आहेत. मी दरवाजाच्या बाजूची. एकदा पाडला की पुन्हा कुणी बांधणार नाही.

आता खरी अडचण, जी वर कुणी लिहिली नाही. हिस्सेदार! आमचं घर पणजोबांच्या नावावर. मिळकत पत्रिकेवर वारस लागत लागत यादी इतकी वाढली की अर्धी माणसं मी पाहिलेलीही नाहीत. राहतो आम्ही, घरपट्टी भरतो आम्ही, पण छप्पर दुरुस्त करायला कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. सुरतेच्या एका काकांचं म्हणणं, "आधी माझा हिस्सा द्या." हिस्सा द्यायचा तर घर विकावं लागतं. विकलं तर राहायचं कुठं? आत्यांनी मात्र आनंदाने हक्कसोड पत्र करून दिलं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की माहेरचा ओटा राहावा.

ज्यांची घरं अजून दोन-तीन भावांतच आहेत त्यांनी कृपा करून आत्ताच वाटण्या कागदावर करा, नोंदणी करून घ्या. पुढच्या पिढीवर ढकलू नका. आमच्या घराच्या भिंती अजून शंभर वर्षं उभ्या राहतील, कागदांनी मात्र ते पाडायला आणलंय.

कडीपाट

मी बांधकामातला माणूस आहे, जुन्या घरांच्या दुरुस्त्या करतो. तुमच्या भावना वाचल्या. आता थोडं मातीचं आणि लाकडाचं बोलू, कारण प्रेम असूनही बरीच घरं चुकीच्या दुरुस्तीने जातात.

आपल्या धाब्याची रचना अशी: तुळयांवर कड्या (बारीक आडवी लाकडं), कड्यांवर पाट (फळ्या) किंवा काड्यांचा थर, त्यावर पाला, मग चिखलमाती आणि सगळ्यात वर खारी माती. खारी पहिल्या पावसात फुगते आणि भेगा स्वतःच बुजवते, म्हणून ती दरवर्षी पावसाळ्याआधी टाकायची रीत. गडबड अशी होते की लोक जुना थर न खरवडता वर नवी खारी ओतत राहतात. असं वर्षानुवर्षं चाललं की छपरावर मातीचं नको इतकं ओझं होतं आणि तुळई मध्ये वाकते. मग "लाकूड सडलं" म्हणून घर पाडायचा सल्ला मिळतो. लाकूड बहुतेक वेळा मध्ये ठणठणीत असतं. सडतं ते भिंतीत शिरलेलं टोक, जिथे ओल मुरते आणि वारा लागत नाही. ते टोक ठोकून बघा. बद्द आवाज आला तर खाली टेकू देऊन तेवढाच भाग बदलता येतो.

दुसरं, मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. ओल आत कोंडते, काही वर्षांत प्लास्टरचा पापुद्रा भिंतीची माती घेऊन सुटतो. चुन्याचं काम करणारे गवंडी कमी उरलेत पण आहेत. मातीच्या भिंतींवर थेट स्लॅब टाकायचा मोह तर अजिबात नको. त्या भिंती तेवढ्या वजनासाठी बांधलेल्याच नाहीत.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या पेठांत दोन घरांची भिंत सामाईक असते, दोघांच्या तुळया एकाच भिंतीत. शेजाऱ्याने घर पाडलं की तुमची आतली भिंत एका दिवसात बाहेरची होते. तिला पावसाची सवय नसते, प्लास्टर नसतं, वर तुळयांची भोकं उघडी पडतात. त्यात नव्या इमारतीच्या कॉलमसाठी तुमच्या पायाला लागून खोल खड्डा घेतला, तर पहिल्या मोठ्या पावसात भिंत बसते. मी असे प्रसंग पाहिलेत, त्यातल्या एका घरात माणसं झोपलेली होती. म्हणून शेजारी काम निघतंय कळलं की आधी सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, लेखी पत्र द्या, कॉलमचे खड्डे एकदम न घेता एकेक करून घ्यायला लावा, भिंतीला टेकू आणि पावसाळ्याआधी आच्छादन मागा. भांडण करायची गरज नाही, बहुतेक शेजारी ऐकतात. पण वेळेत बोलायला हवं.

नियमांबद्दल: डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित बांधकाम नियमावली आली तिच्यात दाट वस्तीसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. लहान प्लॉटवर बाजूला जागा न सोडता बांधता येतं. मात्र अरुंद गल्लीत पुढून रस्त्यासाठी जागा सोडावी लागते, म्हणजे पहिला जातो तो ओटा. नवं बांधायला निघालेल्यांनी हा हिशेब आधी करा. माझं मत विचाराल तर ज्या घराची तुळई आणि पाया शाबूत आहे ते पाडू नका. दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामापेक्षा पुष्कळ कमी येतो आणि मधल्या घरातला तो गारवा पैसे देऊन मिळत नाही.

माणिक_चौक

नंदुरबारची हजेरी लावतो. धुळ्याला दोनशे वर्षं म्हणता, आमच्या गावाचा उल्लेख १४ व्या शतकात इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात आहे. :)

इथे जुन्या गावात वावरताना ९ सप्टेंबर १९४२ विसरता येत नाही. शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ज्या चौकात गोळ्या खाऊन पडले, त्याच चौकातून आमची पोरं शाळेत जातात. गणपतीत दादा आणि बाबा गणपतींची हरिहर भेट होते ती याच गल्ल्यांत. हिवाळ्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला की गावभर ठसका, डोळ्यांतून पाणी, आणि तरी त्या लाल पथाऱ्या बघायला बरं वाटतं. अडचणी वर लिहिल्या त्याच. पाण्याबद्दल पांझराकाठ ताईंना अनुमोदन.

कानबाईचा_भाचा

मी पुण्यात असतो. "मंगळवारी सकाळी गाड्या भरून निघून जातात" हे वाक्य मला लागलं, कारण तो मीच.

आमचं एरंडोलचं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. बंद घर लवकर पडतं असं वडील म्हणायचे, ते आता दिसायला लागलंय. एका कोपऱ्यात वाळवी लागली आहे. विकायचं नाही यावर आम्ही तिघं भाऊ ठाम आहोत. भाड्याने द्यायची भीती वाटते, माणूस निघाला नाही तर? काय करावं?

लळिंगचा_वारा

@कानबाईचा_भाचा, बाळा, घराला माणसाचा वावर हवा. रीतसर नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार करून दे, तोंडी व्यवहार नको. पुढची बैठक आणि ओटा एखाद्या शिक्षिकेला शिकवणीसाठी दे, देवघर आणि मधलं घर तुमच्याकडे ठेवा. आमच्या गल्लीत एका कुटुंबाने तसंच केलं आहे. संध्याकाळी तिथे पाढे ऐकू येतात, दिवा लागतो, आणि श्रावणात कानबाईसाठी दोन दिवस शिकवणीला सुट्टी. तिघं भाऊ एकत्र आहात, तर बोरीकाठच्या ताईंनी सांगितलं तसं कागदाचं कामही याच वर्षी उरका.

रथ_चौक

आणि बाळा, रथाला ये. :) आमच्याकडे उतर, गॅलरीत जागा ठेवतो.

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं.

गल्लीत काल आम्ही बसलो होतो. दोन गोष्टी ठरल्या. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी गाडी लावायची नाही, आमच्याही आणि पाहुण्यांच्याही. तसे फलक आम्हीच रंगवतोय. आणि पाण्याच्या मोटारी खालच्या टोकाने आधी, वरच्या टोकाने अर्ध्या तासाने लावायच्या. हे किती दिवस टिकतं ते बघू, पण पहिल्यांदाच सगळे ओट्यावर एकत्र बसले, कुलूपबंद घरांच्या मालकांनाही फोन लावले. जलवाहिनीसाठी सामाईक अर्ज आहेच. या वेळी त्याला गल्लीचा हातानं काढलेला नकाशा जोडतोय, म्हणजे "काय करणार" म्हणायला जागा नको.

@कडीपाट दादा, तुमचं वाचून धाब्यावर जाऊन पाहिलं. पन्हाळीजवळ मातीचा थर हातभर झालाय आणि खालची तुळई मध्ये किंचित खाली आल्यासारखी वाटते. यंदा खारी टाकायची की आधी खरवडायचं? आणि सगळं एकदम खरवडलं तर चालेल का?

कडीपाट

ताई, खारी आत्ता टाकू नका. आधी त्या तुळईखाली मधोमध लाकडी टेकू द्या, जमिनीवर फळी ठेवून त्यावर, म्हणजे फरशी बसणार नाही. मग खरवडायला घ्या. एकदम एका बाजूने मोकळं करू नका, ओझं एकीकडे राहिलं तर तुळई पिळवटते. दोन्ही टोकांकडून थोडं थोडं काढत मध्ये या. काढलेली माती धाब्यावरच ढीग करून ठेवू नका, लगेच खाली उतरवा. पाट दिसू लागले की थांबा आणि फोटो टाका. वाळवीच्या नळ्या दिसतात का ते बघू. उतार पन्हाळीकडे आहे की नाही हे बादलीभर पाणी ओतून तपासा. नवी खारी मेच्या आत पडली पाहिजे, त्यामुळे चैत्रात सुरुवात करा. तुमच्या भागात येणारा एक म्हातारा गवंडी मला माहीत आहे, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.